उडालेला ॲम्प्लिफायर: आधी बल्ब, मग मीटर, शेवटी सोल्डर

गणपती जवळ आले की माळ्यावरचे ॲम्प्लिफायर खाली उतरतात आणि त्यातले काही पहिल्या-दुसऱ्या आरतीलाच मान टाकतात. अख्खा पावसाळा दमट हवेत काढलेला सेट पुसून लावला जातो, दोनाच्या जागी चार स्पीकर जोडले जातात, हवा जायच्या फटींवर मखराचं कापड येतं आणि आवाजाचा नॉब टोकाला जातो. मग ‘फट्’ असा आवाज, जळका वास आणि एकदम सगळं चिडीचूप. दुकानात नेला की ‘आउटपुट गेलंय, ठेवून जा’ एवढंच कळतं. हे आउटपुट म्हणजे काय, ते का जातं आणि मीटर व सोल्डर हाताळता येत असेल तर घरी कसं दुरुस्त करायचं, ते इथे सांगतो.

बोलतोय ते दोन चॅनलच्या, ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, आत जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटबद्दल. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट खेळत असतात, शिकायला ती जागा नव्हे. वजनाला हलके, एसएमपीएसवर (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी वेगाने उघड-मिट करणाऱ्या पॉवर सप्लायवर) चालणारे नवे क्लास-डी सेटही आत्ता बाजूला ठेवा. त्यांच्या मेन्सकडच्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेलं असतं.

खरंच उडालाय का?

‘उडालेले’ म्हणून आणलेले काही सेट उडालेले नसतातच. जुन्या इंटिग्रेटेड ॲम्पवर ‘टेप मॉनिटर’ नावाचं बटण असतं. फडकं मारताना ते दाबलं गेलं की सेट टेपकडून सिग्नल येण्याची वाट पाहत बसतो. बाकी सगळं ठीक, पण आवाज शून्य. हेडफोनच्या सॉकेटमधली पत्ती गंजली तरी स्पीकर मुके होतात. मागच्या टर्मिनलमधून वायर निसटलेली असणं हे तर इतकं साधं कारण आहे की ते कोणी बघतच नाही.

मग येतो रिले, म्हणजे विजेने उघड-मिट होणारा स्विच. सेट चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी जो ‘टक्’ आवाज येतो तो स्पीकर जोडणाऱ्या रिलेचा. त्याचे पॉइंट काळे पडले की एक चॅनल दबका, फाटका वाजतो आणि आवाज वाढवल्यावर अचानक मोकळा होतो. असं होत असेल तर आउटपुट ठणठणीत आहे, नवा रिले बसवा आणि विषय संपवा. पॉलिश पेपरने पॉइंट घासायचा मोह होतो, पण त्याने वरचा मुलामा निघतो आणि थोड्याच दिवसांत तीच रड.

‘टक्’ आलाच नाही तर मात्र गोष्ट वेगळी. आत काहीतरी बिघडलंय आणि संरक्षण सर्किटने स्पीकर जाणूनबुजून तोडून ठेवलेत. अशा वेळी ‘आवाज येतो का बघू’ म्हणून रिलेला बाहेरून तार मारणारे मेकॅनिक मी पाहिलेत. ते किती महागात पडू शकतं ते पुढच्या हिशेबात दिसेल.

आतली रस्सीखेच

एक साधा सेट धरू. मेन्सचे २३० व्होल्ट २४-०-२४ च्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरतात, ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांमधून) जातात आणि दोन मोठे फिल्टर कंडेन्सर भरतात. २४ ला १.४१ ने गुणलं की ३४ येतात, लोड नसताना ट्रान्सफॉर्मर थोडं जास्तच देतो, म्हणून ग्राउंडच्या एका बाजूला अधिक ३५ आणि दुसऱ्या बाजूला उणे ३५ व्होल्ट धरायला हरकत नाही. ८ ओहमच्या स्पीकरवर यातून साधारण ५० वॉट निघतात.

या दोन लाइनींच्या मध्ये आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर बसतात, एक एनपीएन आणि एक पीएनपी. रस्सीखेचीचे दोन संघ समजा: एक दोर अधिककडे ओढतो, दुसरा उणेकडे, आणि मधल्या गाठीला स्पीकर बांधलाय. गाणं नसताना गाठ बरोबर शून्यावर उभी असते. गाणं सुरू झालं की ती सिग्नलच्या तालावर इकडे-तिकडे सरकते आणि स्पीकरचा कोन हलतो.

या दोघांना हुकूम देणारे दोन ड्रायव्हर, त्यांच्या आधी व्होल्टेज वाढवणारा एक ट्रान्झिस्टर, आणि सगळ्यात आधी शेजारी-शेजारी बसलेली दोन छोट्या ट्रान्झिस्टरची जोडी. ही जोडी सतत तुलना करते: आत काय आलं आणि बाहेर गाठ कुठे आहे? फरक दिसला की ती लगेच गाठ परत ओढायचा हुकूम सोडते. यालाच फीडबॅक म्हणतात.

दुरुस्ती अवघड होते ती याच साखळीमुळे. या टप्प्यांच्या मध्ये डीसी अडवणारा कंडेन्सर नसतो. एका टप्प्याचं डीसी व्होल्टेज बिघडलं की ते तसंच पुढच्याकडे जातं, आणि फीडबॅकमार्गे फिरून पुन्हा पहिल्याकडे येतं. त्यामुळे एक भाग मेलेला असताना मीटर लावला तर दहा ठिकाणी चुकीची व्होल्टेज दिसतात आणि सगळेच संशयित वाटतात.

आउटपुट ट्रान्झिस्टर मरतो तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन. ट्रान्झिस्टरला तीन पाय: हुकूम घेणारा बेस, आणि ज्यांच्यामधून मुख्य करंट वाहतो ते कलेक्टर व एमिटर. आतल्या सिलिकॉनचा एखादा ठिपका वितळतो आणि कलेक्टर ते एमिटर थेट तार झाल्यासारखी जोडणी होते. गाठ मग ३५ व्होल्टच्या लाइनीलाच चिकटते. ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स साधारण ६ ओहम असतो. ३५ व्होल्टला सहा ओहम म्हणजे जवळजवळ ६ ॲम्पियर करंट आणि २०० वॉट उष्णता, तीही एका जागी थिजलेल्या बारीक तारेच्या कॉइलमध्ये. स्पीकर धूर काढायला फार वेळ लागत नाही. रिले असतो तो हे अडवायला.

फ्यूज बोलतो

प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग बाहेर आलेला डोळ्यांना दिसला पाहिजे. झाकण उघडल्यावर पहिलं काम फिल्टर कंडेन्सर रिकामे करण्याचं. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्यात काही मर्दुमकी नाही. त्याने कंडेन्सरला मार बसतो आणि टोक वितळून डोळ्यांकडे उडू शकतं. २२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरच्या टोकांना लावा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. दुसऱ्या कंडेन्सरलाही तेच. मीटर एक-दोन व्होल्टच्या खाली आला की हात घाला.

आता फ्यूज काढून उजेडात धरा. काच स्वच्छ आहे आणि आतली तार मध्येच बारीकशी तुटलीय, तर फ्यूज हळूहळू तापून गेला किंवा वयाने थकला. काचेला आतून काळपट, आरशासारखा चकचकीत मुलामा चढला असेल तर तार क्षणात वाफ होऊन उडालीय, म्हणजे पुढे डेड शॉर्ट आहे. या दुसऱ्या प्रकारात नवा फ्यूज टाकून ‘एकदा बघू’ म्हणणं म्हणजे नवा फ्यूज फुकट घालवणं. आणि त्या जागी तांब्याची तार गुंडाळलेला सेट हाती आला तर समजा की आधीच्या माणसाने ट्रान्सफॉर्मरच पणाला लावला होता.

फ्यूजवरचे ‘टी’ आणि ‘एफ’ ही अक्षरंही बघा. ‘टी’ म्हणजे सुरुवातीचा झटका सोसून उशिरा उडणारा, ‘एफ’ म्हणजे लगेच उडणारा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक, म्हणजे मेन्सकडच्या, बाजूला ‘टी’ लिहिलेला असताना ‘एफ’ घातला तर चांगला सेटही फ्यूज उडवत राहील.

सिरीज बल्ब

ॲम्प्लिफायर दुरुस्तीत एकच साधन ठेवायची परवानगी मिळाली तर मी ऑसिलोस्कोप सोडेन आणि सिरीज बल्बचा बोर्ड ठेवेन. वायरमनकडे असतो तोच: एक होल्डर, एक सॉकेट, आणि दोन्ही एकामागोमाग जोडलेले, म्हणजे सॉकेटमध्ये लावलेल्या वस्तूला मिळणारा सगळा करंट बल्बमधून जातो. बल्ब जुना, तारेचा, १०० वॉटचा हवा. एलईडी इथे कुचकामी आहे.

गंमत तारेच्या स्वभावात आहे. १०० वॉटच्या बल्बची तार थंड असताना जेमतेम ४० ओहमच्या आसपास असते आणि पूर्ण पेटल्यावर ५२९ ओहम होते. सेट ठीक असेल तर सुरुवातीला कंडेन्सर भरताना बल्ब लख्ख होतो आणि लगेच मंदावून नुसती लालसर तार उरते. सेटला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळतं. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पेटलेलाच राहतो आणि कितीही झालं तरी अर्ध्या ॲम्पियरहून कमी करंट जाऊ देतो. जिथे दोन नवे ट्रान्झिस्टर पापणी लवायच्या आत गेले असते, तिथे फक्त खोलीत उजेड पडतो.

एक ध्यानात असू द्या: बल्ब सेटला वाचवतो, तुम्हाला नाही. त्याच्यामुळे मेन्सपासून कसलंही विलगीकरण होत नाही. बोर्डाचे सांधे झाकलेले हवेत आणि अर्थिंग शाबूत हवं.

बल्ब लावून शॉर्ट कुठे आहे तेही चाळता येतं. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (ब्रिजकडे जाणाऱ्या) तारा सोडवा आणि सेट लावा. तरीही बल्ब लख्ख, तर ट्रान्सफॉर्मर गेला, आणि तेव्हा दुरुस्ती परवडते का याचा विचार करा. विझला, तर ट्रान्सफॉर्मर वाचला. मग ब्रिज आणि फिल्टर कंडेन्सर तेवढे जोडून बघा, पुढचे बोर्ड सुटे ठेवून. इथवर ठीक असेल तर शॉर्ट चॅनलच्या बोर्डावर आहे, आणि दहातल्या नऊ वेळा तो तिथेच असतो.

शेजारचं चॅनल हाच नकाशा

प्लग पुन्हा बाहेर, कंडेन्सर पुन्हा रिकामे. मीटर डायोडच्या खुणेवर.

सर्किट डायग्राम मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी अडत नाही, कारण स्टीरिओत सगळं जुळं असतं. डावं चॅनल मेलं असेल तर उजवं जिवंत नमुना म्हणून समोर आहे. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला लावून एका चॅनलच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवर लाल प्रोब टेकवा, आकडा कागदावर लिहा, मग दुसऱ्या चॅनलवर त्याच जागी टेकवा. जिथे ०.५८२ च्या समोर ०.००० येतं तिथे खूण करा. कंटाळवाणं काम आहे, पण यात तर्क कमी लागतो आणि चूक जवळजवळ होत नाही. दोन्ही चॅनल एकदम गेलेली असतील तर हा आधार तुटतो. तशा वेळी आधी पॉवर सप्लायकडे संशयाने बघायचं.

चांगला एनपीएन ट्रान्झिस्टर डायोड टेस्टवर बेसकडून एमिटर आणि कलेक्टरकडे अर्धा ते ०.७ व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काही नाही, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये कुठल्याच दिशेने काही नाही. पीएनपीला प्रोब उलटे. कलेक्टर-एमिटरला मीटर बीप करतोय म्हणजे कारभार आटोपला. टीओ-३ या धातूच्या टोपीसारख्या जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये ती टोपीच कलेक्टर असते, खालचे दोन पाय बेस आणि एमिटर. बोर्डावर बसलेल्या अवस्थेत आकडे फसवतातही: बेस-एमिटरला समांतर १०० ओहमचा रेझिस्टर असेल तर मीटर ०.१ च्या आसपास दाखवतो आणि चांगला ट्रान्झिस्टर मेल्यासारखा वाटतो. शंका आली की एक पाय उचलून मोजा.

शॉर्ट ट्रान्झिस्टर सापडला म्हणजे काम अर्धंच झालं. त्याच्यासोबत कोण-कोण गेलं ते शोधायचंय. एमिटरचा पांढरा, चौकोनी, ०.२२ किंवा ०.३३ ओहमचा रेझिस्टर बाहेरून नवा कोरा दिसतो आणि आतून तुटलेला असतो. साध्या मीटरला ०.२२ अचूक मोजता येत नाही, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स तेवढा भरतो, पण तुटलाय की नाही तेवढं कळतं. बेसचे छोटे रेझिस्टर, दोन्ही ड्रायव्हर, बायसचा (गाणं नसतानाही आउटपुटमधून वाहणारा थोडासा करंट ठरवणारा) ट्रान्झिस्टर, सगळे तपासा. माझं मत विचाराल तर त्या चॅनलचे दोन्ही आउटपुट आणि दोन्ही ड्रायव्हर एकदमच बदलावेत, त्यातला एखादा मीटरवर चांगला दिसत असला तरी. ज्याने एवढा तडाखा खाल्लाय त्याच्यावर नव्या जोडीदाराचा जीव टांगायचा कशाला?

नवा ट्रान्झिस्टर, जुना सापळा

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात की ‘सेम नंबर नाही, पण हा चालेल’ हे वाक्य ऐकायला मिळणारच. कधी कधी खरंच चालतो. पण एक हिशेब स्वतः करून जा. गाठ जेव्हा उणे ३५ च्या टोकाला जाते तेव्हा वरच्या ट्रान्झिस्टरवर दोन्ही लाइनींची बेरीज पडते, म्हणजे ७० व्होल्ट. २एन३०५५ हा आपल्याकडचा सगळ्यात ओळखीचा पॉवर ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटरमध्ये ६० व्होल्टचा आहे. करंट १५ ॲम्पियर, वॉट ११५, दिसायला दणकट. पण अधिक-उणे ३५ च्या सेटमध्ये तो बसवला तर हळू आवाजात छान वाजेल आणि पहिल्या मोठ्या ठोक्याला जाईल. मग दोष ‘डुप्लिकेट माला’वर जातो.

डुप्लिकेटही आहेतच म्हणा. तोशिबाचे २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही २३० व्होल्ट, १५ ॲम्पियरची जोडी इतकी खपते की तिच्या नकलांचा पूर आलाय. नकलेत बाहेरचं शरीर तेच, आतली सिलिकॉनची चिप लहान. चिप लहान म्हणजे उष्णता सोसायची ताकद कमी, आणि मीटरच्या डायोड टेस्टवर हे अजिबात कळत नाही. भाव संशयास्पद कमी असेल तर संशय घ्यावा. उडालेला नग फेकण्याआधी फोडून बघायला हरकत नाही. मूळ कंपनीच्या मेलेल्या ट्रान्झिस्टरशेजारी ठेवला की चिपच्या आकारातला फरक उघड्या डोळ्यांना दिसतो.

एसटीके मालिकेचे आयसी असलेल्या सेटवाल्यांची अडचण याहून मोठी. सान्योचे हे जाडजूड मॉड्यूल एका चौकोनात अख्खं आउटपुट सामावून घेत. सान्योचा सेमीकंडक्टर व्यवसाय २०११ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेला, आणि आज ‘नवा एसटीके’ म्हणून मिळणारा आयसी खरोखर मूळचा असेल यावर मी पैज लावणार नाही. चालू अवस्थेतल्या जुन्या सेटमधून काढलेला आयसी मला अधिक भरवशाचा वाटतो.

बसवणीत घाई नको. टीओ-३ ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक (त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती असते, स्क्रूला प्लास्टिकचे बुश असतात. जुनी पांढरी पेस्ट वाळून खडू झालेली असते. ती पूर्ण खरवडा, चकतीच्या दोन्ही बाजूंना नवी पेस्ट इतकी पातळ लावा की खालचं अभ्रक दिसावं. ड्रिलच्या भोकाच्या कडेला धातूचा कुसळासारखा कण उरला असेल तर तो अभ्रक भोकतो आणि सगळी मेहनत पाण्यात. स्क्रू आवळल्यावर, सोल्डर करण्याआधी, टोपी आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावा. बीप नको. काही सेटांत हीटसिंक मुद्दाम कलेक्टरला जोडलेला असतो, तेव्हा पुन्हा शेजारचं चॅनल बघून ठरवा.

हीटसिंकला चिकटलेला आणखी एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, तो मघाचा बायसचा; त्याच्याकडे लोक ढुंकूनही बघत नाहीत. ट्रान्झिस्टर तापला की त्याला सुरू व्हायला लागणारं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. म्हणजे तोच हुकूम असताना करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो, आणखी करंट वाढतो, शेवट ठरलेला. हा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकची उष्णता स्वतः घेऊन त्या प्रमाणात हुकूम कमी करतो. काम करताना तो सुटून हवेत लोंबकळत राहिला तर सेट थंड असेपर्यंत झकास चालेल आणि अर्ध्या तासाने पुन्हा उडेल.

मेला कशाने?

हा प्रश्न नवी वीज देण्याआधी विचारायचा. स्पीकरच्या वायरीचा एखादा केसाएवढा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकत असेल तर कारण सापडलं. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले असतील तर एकूण २ ओहम होतात आणि ८ ओहमच्या चौपट करंट मागतात. फटींवर कापड होतं का, आत झुरळांची अंडी आणि धुळीची गादी आहे का, तेही बघा. जुन्या सेटांत मोठे कंडेन्सर चिकटवायला वापरलेला डिंक वर्षांनी तपकिरी होतो, त्यातून करंट झिरपतो आणि शेजारच्या पायांना गंज चढतो. तो खरवडून काढा. आउटपुटजवळ १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अशी जोडी दिसते. तो रेझिस्टर काळा पडला असेल तर ॲम्प कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःशीच किंचाळत होता. इमारतीच्या तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला की काही घरांत ४०० व्होल्टच्या जवळ जातं; त्याच वेळी शेजारच्यांचे फ्रिज-टीव्ही गेले असतील तर ॲम्पकडे बोट दाखवू नका.

आणि बायसचा प्रीसेट. हा मेथीच्या दाण्याएवढा फिरता रेझिस्टर धुळीने खराब झाला की कित्येक सर्किटांत बायस एकदम टोकाला जातो. पैशाच्या मानाने याच्याएवढा उपद्रवी भाग सेटमध्ये दुसरा नाही. जुना सरळ बदलून टाका. नवा घालताना कुठल्या बाजूला बायस कमी होतो ते चालू चॅनलवरून आधी पक्कं करा आणि तिथे ठेवा.

पहिली वीज

शक्य असेल तर पहिली वीज आउटपुट ट्रान्झिस्टर न बसवताच द्यावी. प्रत्येक ड्रायव्हरचा एमिटर रेझिस्टर आउटपुटच्या लाइनीला जोडलेला असेल, तर एकटे ड्रायव्हरही गाठ शून्यावर धरू शकतात. स्पीकर नाही, गाणं नाही, सिरीज बल्ब आहे. काळा प्रोब क्लिपने ग्राउंडला अडकवा, म्हणजे एकच हात आत राहील. दोन हातांनी मोजताना प्रोब घसरतो, बेस आणि कलेक्टर एकमेकांना टेकतात आणि नुकतं बसवलेलं सगळं पुन्हा जातं. असं गेलेलं सामान कमी नसतं.

बल्ब चमकून मंदावला की आधी दोन्ही लाइनी मोजा. बल्बमुळे ३५ च्या जागी ३० वगैरे दिसतील, पण अधिक आणि उणे सारखे हवेत. मग रिलेच्या आधीचा आउटपुट. तिथे ५० मिलिव्होल्टच्या आत काही दिसलं तर ड्रायव्हरपर्यंतची साखळी धड आहे.

पण अधिक ३० दिसलं तर? गोंधळून न जाता ड्रायव्हरच्या बेसवर मोजा. बेसही अधिकच्या टोकाला असतील तर ड्रायव्हरच्या आधीच्या टप्प्यांकडूनच चुकीचा हुकूम येतोय. दोष सुरुवातीच्या जोडीत, व्होल्टेज वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये किंवा तुटलेल्या फीडबॅकच्या रेझिस्टरमध्ये शोधा. बेस उणेकडे जोर लावतायत आणि गाठ तरी अधिकला चिकटलीय, तर आधीच्या टप्प्यांची मंडळी आपलं काम करतायत, ऐकत नाही तो ड्रायव्हर किंवा, बसवलेला असेल तर, आउटपुट ट्रान्झिस्टर. एवढ्या एका मोजमापाने अर्धा बोर्ड संशयातून बाहेर पडतो.

शून्य मिळालं की वीज बंद, कंडेन्सर रिकामे, आउटपुट ट्रान्झिस्टर बसवा आणि पुन्हा बल्बवर हाच क्रम. आता ०.२२ च्या रेझिस्टरवर मीटर मिलिव्होल्टला ठेवून प्रीसेट अगदी हळू फिरवा. १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ४५ मिलिॲम्पियर. कंपनीचा आकडा माहीत नसेल तर चालू चॅनलवर जेवढं आहे तेवढं ठेवा. प्रीसेट फिरवताना बल्ब उजळू लागला तर हात मागे घ्या. बल्बवर व्होल्टेज कमी असतं म्हणून ही जुळणी कच्ची; बल्ब काढून, सेट पंधरा-वीस मिनिटं तापू देऊन शून्य आणि बायस दोन्ही पुन्हा बघायचे. बायस हळूहळू चढतच राहिला तर तो हीटसिंकवरचा छोटा ट्रान्झिस्टर नीट टेकलाय का ते तपासा.

स्पीकर जोडण्याआधी ८.२ ओहमचा, जाड वॉटेजचा वायर-वाऊंड रेझिस्टर लोड म्हणून लावा आणि मोबाइलवरून १ किलोहर्ट्झचा टोन बेताच्या पातळीवर थोडा वेळ चालवा. दोन्ही हीटसिंक सारखेच कोमट लागले पाहिजेत. त्यानंतर घरातला एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावून गाणं ऐका.

नेहमीचे स्पीकर परत लावण्याआधी त्यांनाही मीटर लावा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ च्या आसपास आकडा यायला हवा. दीड-दोन आला तर आतली कॉइल शॉर्ट आहे, आणि बहुधा तिनेच हा सगळा उपद्व्याप केलाय. आकडा बरोबर आला तरी कोनच्या मध्याभोवती बोटं सारखी टेकवून तो हलकेच आत दाबा. कॉइल घासत असेल तर बोटांना खरखर जाणवते. असा स्पीकर दुरुस्त होईपर्यंत बाजूलाच राहू द्या.